प्रतिसाद: जेमवर नोंदणी झाली, आता महाटेंडर्स कशाला?

कुपवाडच्या मित्राने विचारलंय, जेमवर नाव आहे, मग महाटेंडर्सवर वेगळी नोंदणी हवी का? हवीच. जेम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन खरेदी पोर्टल, २०१६ पासूनचं, वस्तू आणि सेवांच्या खरेदीसाठी. रस्ते, गटारी, शाळाखोल्या अशी राज्याची बांधकामं महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन निविदा पोर्टलवर येतात. तिथं क्लास ३ डिजिटल सही लागते, ती आधी काढून ठेवा.

उद्यम नोंदणीमुळे (म्हणजे छोट्या उद्योगांच्या केंद्राकडच्या नोंदणीमुळे) अनामत, म्हणजे निविदेसोबत भरायची ठेव, माफ होते हे वर कुणीतरी लिहिलंय, पण ते अर्धंच खरं आहे. केंद्राच्या २०१२च्या धोरणात वार्षिक खरेदीतला २५ टक्के वाटा सूक्ष्म-लघु उद्योगांना आहे, अनामतही माफ. पण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांनाच. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही, बांधकाम ठेक्यालाही नाही. मिरजेतले आमचे निम्मे मित्र इथंच फसतात.

आणि शुद्धिपत्रक, म्हणजे निविदेतले बदल सांगणारं पत्र, रोज बघा, अगदी शेवटच्या दिवशीसुद्धा. माझं एक काम त्यातच गेलं. मुदत चार दिवस वाढली म्हणून मी खूश, त्याच पत्रात एक हमीपत्र नव्याने मागितलं होतं ते वाचलंच नाही. तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दराआधी उघडतात त्या कागदपत्रांच्या लिफाफ्यातच बाद! दराचा लिफाफा उघडलाच नाही. दर मात्र झकास भरला होता हो.