शेअर्ड होस्टिंगवर टेलिग्राम बॉट सारखा बंद पडतोय

कोथरूडकर: आईच्या डब्यांच्या ऑर्डरसाठी पायथनमध्ये टेलिग्राम बॉट केलाय, घरी लॅपटॉपवर मस्त चालतो पण शेअर्ड होस्टिंगवर टाकला की दहा-पंधरा मिनिटांत गप्प. काल चार जणांनी सकाळीच "आज डबा नको" लिहिलं ते पोचलंच नाही, तोवर पोळ्या लाटून झाल्या होत्या, आईला फार वाईट वाटलं. लॉगमध्ये ४०९ कॉन्फ्लिक्ट दिसतंय. काय करू?

वारजेवाला: पोलिंग वापरतोयस ना, म्हणजे बॉटच टेलिग्रामला सारखं "नवा मेसेज आहे का" विचारत बसतो? शेअर्ड होस्टिंगला एका सर्व्हरवर शेकडो लोक असतात, म्हणून सतत चालणारी प्रोसेस होस्टिंगवाले मारून टाकतात. ४०९ बहुतेक एकाच टोकनवर (बॉटची गुप्त किल्ली) दोन ठिकाणी बॉट चालू असल्यामुळे, लॅपटॉपवरचा आधी बंद कर. आणि सरळ वेबहुकवर जा, मेसेज आला की टेलिग्रामच तुझ्या यूआरएलला हाक मारतो, प्रोसेस जागी ठेवायची भानगडच नाही.

धायरीकर: वेबहुकला एचटीटीपीएस लागतंच, पोर्ट ४४३, ८०, ८८ नाहीतर ८४४३. सर्टिफिकेटची चेन पूर्ण आहे का बघ, म्हणजे मधली सर्टिफिकेटंही सर्व्हरवर हवीत; ब्राउझरमध्ये कुलूप दिसतं म्हणून सगळं ठीक समजलो आणि माझे दोन दिवस गेले त्यात... गेटवेबहुकइन्फो (वेबहुकची स्थिती सांगणारी टेलिग्रामची कमांड) उघड, शेवटचा एरर तिथे लिहिलेला असतो.

कोथरूडकर: लॅपटॉपवरचा खरंच चालू राहिला होता! वेबहुक लावला तर ४०३ (प्रवेश नाकारला) यायला लागला, होस्टिंगच्या फायरवॉलने अडवलेला, सपोर्टला सांगून तेवढ्या यूआरएलपुरता मोकळा करून घेतला. आज सकाळचे सगळे मेसेज आले, आईने स्वतः वाचले. दोघांचे मनापासून आभार.