शब्दचर्चा : ‘चश्मे बद्दूर’ची फोड कशी करायची?

सई परांजप्यांचा १९८१ चा ‘चश्मे बद्दूर’ आमच्याकडे कितीदा पाहून झालाय. परवा भाचीनं विचारलं, “मावशी, बद्दूर म्हणजे बहाद्दर का गं? चष्मेबहाद्दर?” घरातल्या कुणालाच धड फोड करता येईना. जाणकारांनी सांगावं. आणि मराठीत याला काय म्हणायचं?

• • •

भाचीचा चष्मेबहाद्दर झकास आहे, पण बहाद्दराचा इथे काही संबंध नाही. मुळात ‘चश्मे’ आणि ‘बद्दूर’ असे दोन तुकडे पडतच नाहीत. फारसीत चश्म म्हणजे डोळा, बद म्हणजे वाईट. मधला ‘ए’ दोघांना बांधतो : चश्म-ए-बद, वाईट नजर. पुढे नुसतं ‘दूर’. ‘राहो’ हे आपण मनातल्या मनात म्हणायचं. बोलताना ‘बद’चा द आणि ‘दूर’चा द एकमेकांवर आदळतात, त्याचं ‘बद्दूर’ होतं आणि लिहिताना तोडायची जागा चुकते.

‘बद’ आपल्याकडे बदनाम, बदफैलीमध्ये आहेच. (बदली, बदलामधला ‘बद’ हा नव्हे, ते अरबी ‘बदल’चं गोत.) चश्म तर आपण रोज नाकावर चढवतो, फक्त श चा पोटफोड्या ष करून. हिंदी सिनेमातल्या कोर्टातला ‘चश्मदीद गवाह’ही याच घराण्यातला.

• • •

आमच्या पिढीच्या कानात हा शब्द बसवला रफीनं. १९६१ चा ‘ससुराल’, गाणं ‘तेरी प्यारी प्यारी सूरत को’, हसरत जयपुरींचं. अर्थ कुणाला ठाऊक होता! लाडानं म्हणायचं काहीतरी आहे, एवढं कळत होतं.

• • •

मराठीत सरळ ‘दृष्ट न लागो’. पण गंमत बघा. उर्दूवाला कौतुक करतानाच नजरेला हाकलून देतो. आपण मात्र ‘अगदी दृष्ट लागण्यासारखी जोडी आहे हो’ म्हणून तिला आवतण देतो आणि मग मीठ-मोहऱ्या घेऊन धावतो. आजी तर ‘आल्यागेल्याची, पाप्या-चांडाळाची’ अशी यादीच वाचायची, आणि मिरच्यांचा ठसका आला नाही की म्हणायची, “बघ, केवढी लागली होती!”

• • •

‘इडापिडा टळो’ चालेल का?

• • •

नाही चालणार. इडापिडेत आजारपणं, साडेसाती सगळंच येतं. इथे हवी फक्त नजर, तीही जवळच्यांची. सिनेमात नेहाची आणि सिद्धार्थची जोडी जमते तेव्हा ती खुपते कुणाला? त्याच्याच खोलीतल्या ओमी आणि जोमोला. दोघांनीही आधी तिच्यावर डोळा ठेवून सपाटून मार खाल्लेला, वर येऊन फुशारक्या मारलेल्या. नेहा (दीप्ती नवल) ‘चमको’ ही धुण्याची पावडर विकत दारात येते आणि सिद्धार्थ (फारुख शेख) बावळटासारखा बघत राहतो, ती नजर निराळी. नावातला ‘बद’ त्या दोन मित्रांसाठी आहे असं माझं ठाम मत. उगाच गोड वाटतं म्हणून बाईंनी ते ठेवलेलं नाही.

• • •

पटलं. मात्र ५ एप्रिल २०१३ ला डेव्हिड धवनची नवी आवृत्ती आणि मूळ सिनेमाची स्वच्छ केलेली प्रत एकाच दिवशी थिएटरात लागल्या होत्या. त्या दिवशी कुणाची दृष्ट कुणाला लागली, हे ज्यांनी दोन्ही पाहिले त्यांनी सांगावं. मी जुनाच पाहिला.