'इक्विलिब्रियम'साठी समतोल, संतुलन की साम्यावस्था? मदत हवी आहे

नमस्कार. एका विज्ञानविषयक लेखमालेचा अनुवाद करताना मी 'इक्विलिब्रियम' या शब्दापाशी अडलो आहे. मूळ लेखकाने तो चार निरनिराळ्या संदर्भांत वापरला आहे : टेबलावरच्या वस्तूविषयी, बंद भांड्यातल्या रासायनिक अभिक्रियेविषयी, बाजारातल्या मागणी-पुरवठ्याविषयी आणि शेवटी, अपमान गिळून पुन्हा शांत झालेल्या एका बाईविषयी. मी सर्वत्र 'समतोल' असे लिहिले. कच्चा मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने रसायनशास्त्राच्या परिच्छेदावर बोट ठेवून विचारले, "म्हणजे अभिक्रिया थांबली आणि दोन्ही पदार्थ निम्मे-निम्मे झाले, असेच ना?" दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, पण 'समतोल' वाचून त्या झाल्या असतील, तर दोष तिचा नव्हे.

व्युत्पत्ती पाहिली, तर गोंधळ कमी होण्याऐवजी वाढलाच. लॅटिनमधील 'एक्वस' म्हणजे समान आणि 'लिब्रा' म्हणजे तराजू, यांपासून हा शब्द बनला. रोमन लोकांचे वजनाचे एककही 'लिब्रा'च, सुमारे 327 ग्रॅमचे. पौंडाचे 'एलबी' हे संक्षिप्त रूप तिथूनच आले आणि तूळ राशीचे पाश्चात्त्य नावही तेच आहे. 'बॅलन्स'चा उगम मात्र वेगळा : 'बि' म्हणजे दोन आणि 'लँक्स' म्हणजे ताटली, अर्थात दोन पारड्यांचा काटा. दोन्ही शब्द तराजूतूनच निघालेले असताना इंग्रजीत त्यांचा वापर इतका वेगळा का, आणि मराठीत हा फरक कसा राखावा?

प्रतिसाद १

फरक असा की, 'बॅलन्स' हे उपकरण आहे, क्रिया आहे, अवस्था आहे आणि वजाबाकीनंतर उरते तेही आहे. म्हणून त्यासाठी आपण प्रसंगानुसार तराजू, तोल, समतोल किंवा शिल्लक म्हणतो. 'इक्विलिब्रियम' ही केवळ अवस्था आहे : परस्परविरोधी प्रभाव एकमेकांना निष्प्रभ करतात तेव्हाची. खात्यात बॅलन्स असतो, इक्विलिब्रियम नसते.

तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न रास्त आहे. तिला झाकण घट्ट लावलेली, पाण्याने अर्धी भरलेली बाटली दाखवा. पाण्याची पातळी हलत नाही, म्हणून आत काही घडत नाही असे वाटते; प्रत्यक्षात पृष्ठभागावरून जितके रेणू वाफ होऊन निघतात, तितकेच त्याच वेळात पाण्यात परततात. समान असतात ते दोन दिशांचे वेग, दोन बाजूंची प्रमाणे नव्हेत. म्हणून तिथे पहिल्याच उल्लेखात 'गतिक समतोल' लिहावे आणि एका वाक्यात उलगडून सांगावे. 'साम्यावस्था' मी टाळेन, कारण सांख्य दर्शनात त्रिगुणांच्या साम्यावस्थेला प्रकृती म्हणतात आणि जाणत्या वाचकाच्या मनात आधी तेच उमटते.

वस्तूंच्या बाबतीत अडचण नाही. वाडग्याच्या तळाशी ठेवलेली गोटी स्थिर समतोलात, पालथ्या वाडग्याच्या माथ्यावरची अस्थिर समतोलात आणि सपाट टेबलावरची उदासीन समतोलात, ही विभागणी शाळेपासून परिचयाची आहे.

प्रतिसाद २

बाजाराविषयी एक सावधगिरी सुचवतो. 'समतोल किंमत' म्हणताच ती रास्त किंमत आहे असा भास होतो, कारण मराठीत 'समतोल' हा गुणही आहे. 'समतोल विचारांचा माणूस' ही स्तुतीच असते. अर्थशास्त्रात मात्र अर्थ एवढाच, की त्या किमतीला मागणी आणि पुरवठा जुळतात. गणितज्ञ जॉन नॅश यांनी 1950 मध्ये मांडलेल्या समतोलात तर, दोन कैद्यांच्या प्रसिद्ध कोड्यात (दोघांची वेगवेगळी चौकशी होते आणि कबुली द्यायची की गप्प राहायचे, हे प्रत्येकाने एकट्याने ठरवायचे असते), दोघेही कबुली देऊन बसतात आणि दोघांचेही गप्प राहण्यापेक्षा अधिक नुकसान होते. तरीही एकट्याने निर्णय बदलून कोणाचाच फायदा होत नाही, म्हणून तो समतोल. तळटीप द्यावीच लागेल.

जाता जाता : 'तुला' आणि ग्रीकमधील वजनाचा 'तालान्तन' यांचे मूळ एकच आहे; 'तराजू' मात्र फारसीतून आला.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. रसायनशास्त्राचे वाक्य आता असे केले आहे : 'काही वेळाने अभिक्रिया गतिक समतोलात येते, म्हणजे ती दोन्ही दिशांनी सुरूच राहते, परंतु सारख्याच वेगाने.' मैत्रिणीने या वेळी काही विचारले नाही. त्या बाईचे वाक्य तेवढे अडले आहे. 'तिने आपला मानसिक समतोल पुन्हा प्राप्त केला' हे मलाच वाचवत नाही.

प्रतिसाद १

तिथे नाम हवेच कशाला? 'ती सावरली' एवढे लिहा.