चर्चा: पंचांगाच्या गणिताला स्विस एफेमेरिस पुरे, की थेट जेपीएलची फाइल?

गणकयंत्र
मुंबईसाठी पंचांगाचे ॲप नव्याने लिहायचे तर स्विस एफेमेरिस ही ग्रहस्थाने काढणारी लायब्ररी सोडून स्कायफील्ड ही पायथन लायब्ररी आणि जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेची डीई४४० ही ग्रहस्थानांची फाइल घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. स्विसच्या अचूकतेबद्दल वाद नाही, जेपीएलच्याच आकड्यांशी ते विकलेच्या (६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश) हजाराव्या भागापर्यंत जुळते. तक्रार निराळी आहे. ग्रहांची सेप्ल_१८ आणि चंद्राची सेमो_१८ (दोन्ही १८०० ते २३९९ सालांसाठी) या फाइली सांगितलेल्या फोल्डरात नसतील, तर ते थांबत नाही. मोशियरच्या सूत्रांवर (फाइलीशिवाय चालणाऱ्या, कमी अचूक) जाते आणि चंद्रात ३ विकलांपर्यंत फरक येऊ शकतो. अयनांशाचेही (निरयन स्थान काढण्यासाठी वजा करायचा कोन) तसेच. सिडेरियल मोड (कोणता अयनांश हवा ते) न नेमता निरयन भोगांश (ताऱ्यांच्या संदर्भाने राशिचक्रातले स्थान) मागितला तर आपल्या पंचांगांतला लाहिरी नव्हे, पाश्चात्त्य ज्योतिषांचा फेगन-ब्रॅडली लागतो. तो ५३ कलांनी मोठा, म्हणून नक्षत्रसमाप्ती दीड तासाहून अधिक पुढे जाते. शिवाय परवाना एजीपीएल: कोड उघडा करा, नाहीतर पैसे भरा. स्कायफील्डचा एमआयटी परवाना असली अट घालत नाही.

चंद्रकोर
हे पटत नाही. स्विस गुपचूप काही करत नाही, फंक्शन परत देते त्या आकड्यात सांगते. २ चा बिट (खुणेचा अंक) म्हणजे स्विस फाइल, ४ चा म्हणजे मोशियर. तो आकडा न तपासणे ही लिहिणाऱ्याची चूक. आणि ३ विकला म्हणजे किती? तिथी ज्यावरून ठरते ते चंद्र-सूर्यांतील अंतर सेकंदाला साधारण अर्धी विकला वाढते, म्हणजे तिथीत ६ सेकंद. पंचांगात आपण मिनिटे छापतो.

उलट स्कायफील्डचा सापळा जास्त वाईट आहे. एक्लिप्टिक_लॅटलॉन हे फंक्शन कंसात काही न देता बोलावले तर भोगांश २००० सालच्या संपातापासून (भोगांश मोजण्याचा आरंभबिंदू, तो हळूहळू सरकतो) मिळतो. २०२५ साली हा फरक २१ कलांचा. त्यातून आजचा लाहिरी अयनांश वजा केला की नक्षत्र ३८ मिनिटे चुकते. तिथी मात्र बरोबरच येते, कारण सूर्य-चंद्र दोघेही सारखेच सरकतात. चाचणीत फक्त तिथ्या ताडून पाहिल्या तर ही चूक कधीच सापडणार नाही. कंसात ‘डेट’ हा इपॉक (कोणत्या काळचा संपात ते) द्यायलाच हवा. त्याआधी अपॅरंट (दृश्य स्थान देणारे फंक्शन) विसरलात तर सूर्यात २० विकलांची चूक वेगळीच.

गणकयंत्र
परत आलेला आकडा तपासायला हवा, हे मान्य. पण त्याच कोडवर कोणी ताऱ्यांची पिधाने (तारा चंद्राआड जाण्याच्या वेळा) काढायला बसला, तर ३ विकला म्हणजे पाच-सहा सेकंद, आणि व्हिडिओवर पिधानाची वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत मोजतात. पाया एकदाच आणि पक्का घालावा.

उदयतिथी
विकलांवरून भांडताय आणि मिनिटे हातची जाताहेत! सूर्योदय कोणता धरलात, ते आधी सांगा. बिंबाची वरची कड आणि वक्रीभवन (हवेत प्रकाश वाकणे) धरले तर सूर्याचा मध्य क्षितिजाखाली ५० कला असतो. बिंबाचा मध्य, वक्रीभवनाशिवाय धरला तर शून्य. मुंबईच्या १९ अंशांवर या दोन सूर्योदयांत साडेतीन ते चार मिनिटे पडतात. समजा तिथी ६:३२ ला संपते. पहिला सूर्योदय ६:३०, दुसरा ६:३४. पहिल्या हिशेबाने ती त्या दिवसाची उदयतिथी (सूर्योदयाला चालू असलेली तिथी), दुसऱ्याने नाही. उपास एका दिवसाने हलतो, लायब्ररी कुठलीही असो.

संकष्टीच्या चंद्रोदयाचे तर याहून कठीण. चंद्राचे लंबन (पृथ्वीच्या मध्याऐवजी पृष्ठभागावरून पाहिल्याने स्थानात पडणारा फरक) सुमारे ५७ कला. ते सोडून सूर्याचाच नियम चंद्राला लावला तर चंद्रोदय चार मिनिटांहून जास्त लवकर दाखवला जातो. लोक ताट वाढून खिडकीशी उभे असतात हो, त्यांना चंद्र दिसला पाहिजे.

चंद्रकोर
इथेही स्विसच सोयीचे: सूर्योदयासाठी हिंदू उदयाचा वेगळा बिट आहे, आणि तो न लावता चंद्रोदय काढला तर लंबन उदयास्ताच्या फंक्शनमध्ये धरलेलेच असते. मात्र ग्रहांचे स्थलीय (त्या गावातून दिसणारे) स्थान काढताना सेट_टोपो या फंक्शनला रेखांश आधी, अक्षांश नंतर द्यायचा असतो. भावांच्या (कुंडलीतल्या बारा घरांच्या) फंक्शनला नेमके उलट. भावांत अदलाबदल झाली तर मुंबई ७२.८ अंश उत्तरेला जाते, तिथे प्लासिडस (भाव काढण्याची एक रीत) निघत नाही आणि चूक कळते. सेट_टोपोत झाली तर काहीच कळत नाही, चंद्र चुकीच्या लंबनाने निमूट येतो.

जुने घड्याळ
कुंडलीही त्याच ॲपमध्ये देणार असाल तर एक मोठी गोष्ट दोघांकडून राहिली. मुंबईत १९५५ पर्यंत प्रमाणवेळेच्या जोडीला बॉम्बे टाइम चालू होता, ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे. संगणकाच्या कालविभागांत मुंबई नाही, एशिया/कोलकाता आहे. १९३० सालची गिरगावातली जन्मवेळ तिथे ५:३० ने वाचली जाते. घड्याळ बॉम्बे टाइमचे असेल तर ३९ मिनिटांची चूक: चंद्र २१ कला, लग्न (पूर्व क्षितिजावर उगवणारा राशिचक्राचा बिंदू) जवळजवळ १० अंश. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात प्रमाणवेळ ६:३० होती, तेव्हा ही दरी ९९ मिनिटांची होते.

गणकयंत्र
हा मुद्दा मोलाचा आहे. मग १९५५ पूर्वीच्या मुंबईच्या जन्मांसाठी कालविभाग नावाने घ्यायचाच नाही, ऑफसेट (ग्रिनिचपासूनचा फरक) हाताने भरायला लावायचा. फाइल मात्र डीई४४०च ठेवणार.

जुने घड्याळ
नुसता ऑफसेट विचारू नका, लोकांना तो माहीत नसतो. वेळ कुठून घेतली ते विचारा. रेल्वे प्रमाणवेळेवर चालत होती. उत्तर मिळाले नाही तर दोन्ही लग्ने शेजारी शेजारी दाखवा.