चाळणीखालचा स्ट्रोमा फेकायचा की ठेवायचा?

फोंडेकर: गोव्यात गर्भाशयाच्या अस्तराचे ऑर्गनॉइड, म्हणजे पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेले छोटे त्रिमितीय नमुने, तयार करायचे झाले, तर सुरुवात निव्वळ ग्रंथींपासूनच व्हावी. पद्धत 2017 पासून हाताशी आहे. बायोप्सीचा तुकडा बारीक चिरून कोलॅजनेज-डिस्पेज या एन्झाइमांमध्ये सैल करायचा आणि गाळायचा. ग्रंथी चाळणीवर अडकतात, स्ट्रोमाच्या, म्हणजे ग्रंथींभोवतीच्या आधार-ऊतीच्या, सुट्या पेशी खाली जातात. चाळणी उलटी धरून ग्रंथी धुऊन घ्यायच्या आणि मॅट्रिजेल या पेशींना आधार देणाऱ्या जेलमध्ये 20-25 मायक्रोलिटरचे थेंब घालायचे. 37 अंशांवर 15 मिनिटांत थेंब घट्ट होतो, मग पेशींना पोसणारं द्रव माध्यम ओतायचं. यात स्ट्रोमा कशाला? मिसळला की कुठल्या पेशीने काय केलं तेच सांगता येत नाही.

डिचोलकर: फोंडेकरबाब, मग त्याला अस्तर म्हणू नका, ग्रंथी म्हणा. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन मिळाल्यावर गर्भ रुजण्यासाठी रूप बदलतो तो स्ट्रोमा. माणसात हा बदल दर महिन्याला, गर्भ नसतानाही होतो. उंदरात असा आपोआप होत नाही. म्हणून तर मानवी नमुना हवा! आणि त्यातला निम्मा जीव तुम्ही सिंकमध्ये ओतणार? त्या पेशी साध्या फ्लास्कमध्ये वाढतात, गोठवताही येतात. कोलॅजनच्या जेलमध्ये ग्रंथी आणि स्ट्रोमा एकत्र वाढवल्याचं काम 2021 मध्ये प्रसिद्धही झालंय.

फोंडेकर: डिचोलकरबाई, ग्रंथींकडूनही उत्तर मिळतं. दोन दिवस 10 नॅनोमोलर इस्ट्राडायोल (एक इस्ट्रोजेन हार्मोन), मग 1 मायक्रोमोलर प्रोजेस्टेरॉन आणि सीएएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू दिला की ग्लायकोडेलिन हे ग्रंथींतून स्रवणारं प्रथिन वाढतं. फक्त माध्यमात फिनॉल रेड नको. तो रंगच थोडा इस्ट्रोजेनसारखा वागतो आणि तुलनेचा गट बिघडतो.

पेडणेकर: वाद स्ट्रोमावर चाललाय, पण काम बहुधा त्याआधीच फसतं. एन्झाइम जास्त वेळ राहिलं तर ग्रंथीही सुट्या होऊन चाळणीखाली जातात. घड्याळावर विसंबू नका, थेंबभर द्रव सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहा: बोटांसारख्या नळ्या अखंड आणि भोवतीच्या पेशी सुट्या दिसल्या की थांबवा. मॅट्रिजेल रात्रभर 4 अंशांवर वितळवा, पिपेटच्या टिपाही गार ठेवा; आपल्याकडच्या मे महिन्यात ते टिपेतच घट्ट होतं. पावसाळ्यात इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेला बुरशी धरते, ती आधी सांभाळा.

स्ट्रोमाबाबत मी डिचोलकरबाईंच्या बाजूने. एकत्र वाढवणं पुढे बघू, पण नमुना देणाऱ्या त्याच बाईच्या पेशी परत मिळायच्या नाहीत. गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजातून) नमुने घ्यायचे ठरलं, तर साठवणुकीची आणि पुढच्या वापराची परवानगी संमतीपत्रात पहिल्यापासून वेगळी मागा. ती नसेल तर गोठवलेली कुपी कपाटात असूनही हात लावता येणार नाही.