ट्रक भरण्याआधी वजन मोजा

काहींनी सुचवलंय की नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या मार्केटमधून तांदूळ आणि बाटलीबंद पाणी भरून एक ट्रक पूरग्रस्तांसाठी थेट ठाण्याजवळच्या दिवा गावाला काढायचा. आधी वजनाचा हिशोब बघा. 500 कुटुंबं म्हणजे साधारण 2500 माणसं. माणशी रोज 400 ग्रॅम धान्य धरलं तर एक टन. पिण्याचं पाणी नुसतं 3 लिटर धरलं तरी साडेसात टन. ट्रक पाण्यानेच भरला की! स्फिअर मानकांनुसार (आपत्तीतल्या मदतीची आंतरराष्ट्रीय किमान मानकं) तर स्वयंपाक-आंघोळीसकट माणशी किमान 15 लिटर लागतं, म्हणजे रोज 37,500 लिटर, दहा हजारी टँकरच्या चार खेपा. बाटल्या पहिल्या दिवसापुरत्याच ठेवा, पुढे टँकर आणि घरटी झाकणाचे दोन कॅन. (भांडीच वाहून गेली तर पाणी भरणार कशात, हे हमखास विसरलं जातं.)

पहिले दोन दिवस तांदूळही नको, शेगड्या भिजलेल्या असतात. चिवडा, खजूर, बिस्किटं द्या. फिनेल आणि साबण वेगळ्या गोणीत. पिठाला त्यांचा वास लागला की ते कोणी खात नाही.

मोठी गाडी गल्लीत शिरत नाही, माल छोट्या टेम्पोत काढावा लागतो. त्यामुळे जे आधी वाटायचंय ते ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढवा. आणि जुने कपडे कृपया नकोत, निवडण्यातच चार माणसं अडकतात.