व्हॅली म्हणजे दरी की खोरे? सोडोर बेटाच्या निमित्ताने

सहा वर्षांच्या भाचीला मी रोज रात्री थॉमस आणि त्याच्या सोबतच्या इंजिनांच्या, म्हणजे सोडोर या काल्पनिक बेटावरच्या, इंग्रजी गोष्टी तोंडी मराठी करत सांगते. परवा ‘व्हॅली’ शब्द आला आणि घाईत मी म्हणून गेले, ‘गाडी दरीतून निघाली.’ ती ताडकन उठून बसली. ‘मावशी, गाडी दरीत पडली?’ खंडाळ्याच्या घाटात आम्ही तिला शंभरदा ‘पुढे वाकू नकोस, दरी आहे’ असं बजावलेलं. तिच्या डोळ्यांपुढे तीच दरी उभी राहिली. मला हवं होतं ते खोरं.

पाठ्यपुस्तकांत आणि बातम्यांतही ‘व्हॅली’ला सरसकट दरी म्हणतात, म्हणून हे लिहायला घेतलं. दरीच्या मुळाशी संस्कृतातला फाटणे, चिरणे या अर्थाचा धातू आहे. जमीन फाटलेली, कडा तुटलेला, खाली धुकं, असं चित्र. म्हणून तर दोन भावांत ‘दरी पडते’, खोरं पडत नाही. खोरं म्हणजे नदी आणि तिच्या दोन्ही अंगांची जमीन: भातखाचरं, वाड्या, पाऊलवाटा, एकमेकांत सोयरीक करणारी गावं. माझं आजोळ भोरकडचं. तिकडे वेळवंड खोरं, कानद खोरं, मोसे खोरं अशी नावं आहेत, आणि ती त्या त्या नदीवरून पडलेली. आजी पाहुण्याला आधी विचारायची, ‘कुठल्या खोऱ्यातले?’ गावाचं नाव त्यानंतर. ‘कुठल्या दरीतले?’ असं कुणी विचारेल का?

(‘खोऱ्याने पैसा ओढणे’ यातलं खोरं म्हणजे माती ओढायचं अवजार. उच्चार तोच, वस्तू निराळी.)

आता सोडोर. हे बेट खरं नाही, पण त्याचं नाव खरं आहे, आणि मला सगळ्यात आवडतं ते हेच. नॉर्स, म्हणजे नॉर्वेकडचे जुने दर्यावर्दी, स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांना ‘सुद्रेयार’ म्हणत, म्हणजे दक्षिणेची बेटं. ऑर्कनी आणि शेटलंड ही त्यांची उत्तरेची बेटं. या सुद्रेयारचंच पुढे सोडोर झालं. ती बेटं आणि इंग्लंड-आयर्लंडमधल्या समुद्रातलं आयल ऑफ मॅन मिळून एक धर्मप्रांत होता. १२६६ साली पर्थच्या तहाने ती सगळी स्कॉटलंडकडे गेली. पुढे धर्मप्रांत मॅनपुरताच उरला, तरी तिथल्या बिशपची पदवी मात्र ‘सोडोर आणि मॅन’ अशीच राहिली. या गोष्टींचे लेखक रेव्हरंड ऑड्री १९५० साली मॅनला गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं: मॅन तर समोर आहे, मग सोडोर कुठे? आपल्या इंजिनांना त्यांनी तेच बेट दिलं, मॅन आणि वायव्य इंग्लंडातल्या कंब्रियाच्या किनाऱ्यामधल्या समुद्रात. मग भाऊ जॉर्ज यांच्या साथीने त्यावर नद्या, डोंगर, गावं, राजे, बोलीभाषा असं सगळं रचलं. नसलेल्या बेटाचा भूगोल आणि इतिहास इतक्या गंभीरपणे रचलेला पाहून हसू येतं, आणि वाचणारा मनापासून तो खरा मानतो.

त्यातलं आर्ल्सडेल पाहा. ‘डेल’ हा नॉर्स ‘दाल्र’चा वंशज, कंब्रियात पावलोपावली भेटणारा: बॉरोडेल, वॉसडेल, एस्कडेल. आर्ल्सडेलची चिमुकली रेल्वे ज्या खऱ्या रेल्वेवरून घेतली ती एस्कडेलमध्येच धावते; तो मार्ग १८७५ साली सुरू झाला. या ‘डेल’ला मराठीत खोरेच म्हणायला हवं. त्यात दगडी बांधांची कुरणं, मेंढ्या, शेतघरं आणि मधून नदी असते. एस्कडेल म्हणजे एस्कचं खोरं, जसं वेळवंडीचं वेळवंड खोरं. रचना अगदी आपली.

आणि ‘एस्क’ म्हणजे काय? नॉर्स लोक येण्याआधीच्या तिथल्या जुन्या भाषेत नुसतं पाणी. म्हणजे एस्क नदी ही ‘पाणी नदी’. एव्हनचं तर याहून सरस: त्या भाषेत ‘एव्हन’चा अर्थच नदी, तेव्हा एव्हन नदी म्हणजे ‘नदी नदी’. मॅनवरच्या लॅक्सीचं मूळ नाव ‘लाक्स-आ’, सामन माशांची नदी. ते नाव गावाला लागलं आणि आता गावावरून नदीला लॅक्सी नदी म्हणतात. नव्याने आलेल्यांना जुन्यांची भाषा कळत नाही, नाव तेवढं कानावर पडतं, आणि ते त्यापुढे आपला शब्द जोडतात. आपणही ‘सिंधू नदी’ म्हणतो, सिंधू म्हणजेच नदी असताना. ‘सह्याद्री पर्वत’ म्हणतो, ‘अद्री’त पर्वत आहेच. यात चूक काढू नये असं मला वाटतं. एकाच नदीकाठी कोण कोण येऊन राहिलं, त्याच्या खुणा आहेत या.

म्हणून माझा आग्रह असा: विशेषनामं तशीच ठेवावी, आर्ल्सडेलचं ‘आर्लखोरे’ करू नये, पण गोष्टीत सुटा ‘व्हॅली’ आला की खोरे लिहावं. उभ्या कड्यांमधली अरुंद जागा असेल तर घळ. आणि दरी फक्त जिथे पडायची भीती आहे तिथे. काल रात्री मी ‘गाडी खोऱ्यातून निघाली’ म्हटलं, तर भाचीने खोरं म्हणजे काय ते विचारलं. ‘पणजीआजीचं गाव आहे ना, तसं, मधून नदी वाहणारं,’ एवढं सांगितलं आणि गाडी पुढे गेली.

एक शब्द अजून अडलेला आहे. कंब्रियात डोंगरातून उतरणाऱ्या लहान प्रवाहाला ‘बेक’ म्हणतात. मी ‘ओढा’ वापरते आहे. पण कोकणातला ‘पऱ्या’ जास्त जवळचा वाटतो, तोही डोंगरातून खळाळत येणारा. ‘वहाळ’ त्याहून मोठा असतो ना? कोकणातल्या मंडळींनी सांगावं, उद्या रात्री लागणार आहे.